पन्नास वर्षं चुकलेली बेरीज

आई डेन्व्हरला आली की तिला डिलनच्या तलावावर न्यायचं हे ठरलेलंच असतं. सप्टेंबर संपत आलेला, अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झालेली, आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे निघालं की हवा एकदम गार लागते आणि नऊ हजार फुटांवर आईला चार पावलं चाललं तरी दम लागतो, म्हणून आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्या हातात दिला आणि तिला आंडर्स हाउगेन नावाच्या, स्कीवरून उड्या मारणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ही गोष्ट सांगते, आणि गोष्टीच्या शेवटी सगळ्यांचे चेहरे खुलतात, कुणी टाळी देतं, कुणी म्हणतं चला, म्हाताऱ्याला न्याय मिळाला एकदाचा. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, शाल सारखी केली आणि विचारलं, "ते पदक त्या मुलीनेच आणून दिलं? स्वतःच्या हाताने?" मी हो म्हटलं. "बिचारी गं," एवढंच म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

बिचारी. इतक्या जणांना ही गोष्ट सांगितली पण तिच्याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही लक्ष कायम त्या म्हाताऱ्याकडेच असायचं. आई परत गेली, बर्फ पडायला लागला, मुलाचे स्कीचे क्लास सुरू झाले तरी तो शब्द काही डोक्यातून जात नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं.

गोष्ट थोडक्यात अशी. १९२४ साली फ्रान्समध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथे स्की जंपिंगमध्ये, म्हणजे पायाला फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून उडी मारायच्या खेळात, अमेरिकेकडून उतरलेला आंडर्स हाउगेन चौथा आला. हा मूळचा नॉर्वेचा, एकविसाव्या वर्षी देश सोडून आलेला. तिसरा आला नॉर्वेचा थोरलाइफ हाउग. (नावं इतकी सारखी की आई दोनदा मध्येच थांबवून विचारत होती, हा कुठला, आपला की तिकडचा.) मग पन्नास वर्षांनी, १९७४ साली, कुणाच्या तरी लक्षात आलं की तेव्हा गुणांची बेरीज चुकली होती. तिसरा खरं तर हाउगेन होता. तेव्हा हाउगेन ८५ वर्षांचा, कॅलिफोर्नियात राहणारा. त्याला नॉर्वेला बोलावलं आणि हाउगच्या धाकट्या मुलीने वडिलांचं कांस्यपदक त्याच्या हातात दिलं. वडील जाऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

बेरीज चुकली हे ऐकून आईचं तोंड का पडलं ते मला कळतं. आई शाळेत गणित शिकवायची. आमच्या घरी मार्च-एप्रिलमध्ये पेपरांचे गठ्ठे यायचे, सुतळीने करकचून बांधलेले, वर चिठ्ठी लावलेली, आणि ते आले की जेवणाच्या टेबलावर आमचं जेवण बंद, सगळे खाली पाट मांडून जेवायचे. आई लाल पेनने तपासायची आणि एकेक पेपर सरकवायची, पहिल्या पानावरच्या चौकटीत प्रश्न एक, प्रश्न दोन असे आकडे भरायची, आणि मग बेरीज मी आणि ताई करायचो. एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन्ही जुळल्या की मगच गोल करायचा. त्यानंतर आई परत पाहायचीच, आतली पानं उलटून एखादा उपप्रश्न बाहेर घ्यायचा राहिलाय का ते बघायची, कारण आकडे बरोबर असतात आणि एक आकडा पानाच्या मागच्या बाजूला राहून जातो, असं तिचं म्हणणं. पंख्याने पेपर उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवलेला असायचा. उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, पण पंखा दोनच्या वर करायची परवानगी नव्हती. कंटाळून ताई कधी म्हणायची की आई, एका मार्काने काय होतंय, तर आई पेपर खाली ठेवून सांगायची, "आपल्याला ते पोर दिसत नाही म्हणून तू असं म्हणतेस."

तर त्या बाकावर बसून आईने पहिल्यांदा विचारलं होतं ते हेच, की एवढ्या मोठ्या स्पर्धेत बेरीज दुसऱ्या कुणी तपासली नव्हती का.

हाउगेन नॉर्वेच्या टेलेमार्कमधला, बो नावाच्या गावचा, १८८८ चा जन्म. टेलेमार्क म्हणजे स्कीचं माहेरच. तिकडच्या पोरांना स्की हा खेळ आहे असं वेगळं कुणी सांगत नसे, हिवाळ्यात कुठे जायचं तर फळ्या पायाला बांधायच्या आणि निघायचं. शंभर वर्षांत नॉर्वेतून आठेक लाख माणसं अमेरिकेत आली, देशच मुळात पंचवीस लाखांच्या आतबाहेरचा, म्हणजे दर घरातलं कुणी ना कुणी बोटीवर चढलेलंच. १९०९ च्या सुमारास आंडर्स आणि त्याचा भाऊ लार्स असे दोघं आले, विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीच्या आसपास राहिले. आल्या आल्या त्यांनी काय केलं तर उडी मारायला जागा शोधली. मिडवेस्टमध्ये, म्हणजे विस्कॉन्सिन-मिशिगनच्या त्या पट्ट्यात, तेव्हा जिथे जिथे नॉर्वेची माणसं होती तिथे तिथे स्की क्लब होते, मिशिगनच्या इशपेमिंगला १९०५ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना स्थापन झाली ती कार्ल टेलेफसेन नावाच्या अशाच एका नॉर्वेजियन माणसाने पुढाकार घेऊन. खाणीत, लाकूडतोडीत, शेतावर आठवडाभर राबायचं आणि रविवारी उंच लाकडी सांगाड्यावर चढून उडी मारायची. खाली बघायला आख्खं गाव.

ह्या उड्या प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यातली भीती कळत नाही. मी कोलोरॅडोतल्याच स्टीमबोट स्प्रिंग्जला पाहिल्या, पोरं उडी मारत होती, दहा-बारा वर्षांची. टीव्हीवर ते अगदी शांत दिसतं, पण जवळ उभं राहिलं की आधी आवाज येतो, बर्फात कोरलेल्या खाचेतून फळ्या घासत येण्याचा खरखर आवाज, तो वाढत वाढत जातो आणि एकदम बंद होतो. पोर हवेत असतं तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग दोन्ही फळ्या बर्फावर आपटल्याचा फाटकन आवाज येतो आणि मग लोकांचा. माझ्या शेजारी उभी असलेली एक आई तेवढ्या वेळात श्वास घेत नव्हती हे मला बाजूने दिसत होतं.

त्या टेकडीला हाउलसेन हिल म्हणतात. कार्ल हाउलसेन, हाही नॉर्वेचाच, १९०३ चा होल्मेनकोलेनचा विजेता. होल्मेनकोलेन म्हणजे ऑस्लोजवळची ती टेकडी, जिथे जिंकणं हे तिकडे सगळ्यात मानाचं. असा माणूस १९०५ मध्ये अमेरिकेत आला, पोटासाठी बांधकामावर काम केलं, आणि १९०७ मध्ये चक्क सर्कशीत होता, बार्नम अँड बेलीच्या, ग्रीस लावलेल्या घसरगुंडीवरून स्की घालून तंबूच्या आत उडी मारायचा. पाठ दुखावली, सर्कस सुटली, मग कोलोरॅडोत आला आणि इथल्या डोंगरातल्या गावांना स्कीचं वेड लावलं, स्टीमबोटचा विंटर कार्निव्हल १९१४ पासून त्याच्यामुळे. १९२० नंतर तो आईवडिलांना भेटायला म्हणून नॉर्वेला गेला आणि तिथेच राहिला, लग्न केलं, मुलगा झाला. इकडे टेकडीला त्याचं नाव आणि तो तिकडे. आमच्या इथल्या मराठी लोकांच्या गप्पांत "परत जायचं का" हा विषय दर गणपतीत निघतो, वाढता वाढता रात्रीचे बारा वाजतात आणि कुणीच जात नाही, म्हणून मला हा हाउलसेन फार लक्षात राहिला. तो काही ठरवून गेलेला दिसत नाही. भेटायला गेला आणि राहिला.

आणि ज्याच्या विचाराने मला झोप लागली नव्हती तो सोंद्रे नोरहाइम. हाउगेनच्या आधीची पिढी, किंबहुना दोन पिढ्या आधीचा, त्याच टेलेमार्कमधल्या मोर्गेडालचा. आजच्या स्कीचा बाप म्हणतात त्याला. टाचेच्या मागून वळवलेल्या काटक्यांचं बंधन घालून फळी पायाला घट्ट बसवायची, म्हणजे वळता येतं, उडी मारता येतं, हे त्याने रूढ केलं. जमीन नसलेला गरीब कूळ माणूस. १८६८ मध्ये राजधानीत स्पर्धा होती, तेव्हा हा बेचाळीस वर्षांचा, मोर्गेडालहून सुमारे दोनशे किलोमीटर स्कीवरूनच गेला आणि तरण्या पोरांना हरवून पहिला आला. तरी घरची गरिबी काही हटली नाही, आणि १८८४ मध्ये, साठीला टेकल्यावर, बायको रान्नाय आणि मुलांना घेऊन तो अमेरिकेला निघाला. आधी मिनेसोटा आणि मग नॉर्थ डकोटा. नॉर्थ डकोटा ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सपाट. क्षितिजापर्यंत सपाट, वारा आणि गवत. बर्फ भरपूर पण उतार नाही. म्हणतात की त्याने दाराशी स्कीची जोडी शेवटपर्यंत उभी करून ठेवलेली असायची. १८९७ मध्ये तो गेला, डेन्बिगजवळच्या एका छोट्या चर्चच्या आवारात पुरला, आणि कित्येक वर्षं त्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. पुढे १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकची ज्योत पेटवली ती मोर्गेडालच्या त्याच्या घरातल्या चुलीवर. १९८७ मध्ये नॉर्वेचा राजा स्वतः त्याच्या कबरीवर येऊन गेला. सगळा मान मिळाला, पण नव्वद वर्षं उशिरा. रान्नायचं काय झालं असेल हा विचार मला नेहमी येतो, डोंगरातून उठून त्या वाऱ्यात चूल मांडणारी बाई, आणि दाराशी त्या फळ्या, ज्यांचा आता काही उपयोग नाही आणि ज्या आत ठेवायलाही कुणाचा जीव होत नाही.

हाउगेन भावांना निदान उतार मिळाले. १९१९ च्या सुमारास दोघं कोलोरॅडोत आले, आत्ता जिथे तलाव आहे त्या डिलनला. शेजारच्या फ्रिस्कोमध्ये पीटर प्रेस्ट्रुड म्हणून एक नॉर्वेजियन राहायचा, त्याने डिलनजवळच्या डोंगरउतारावर उडीची जागा आखली होती, तिथे आंडर्सने १९१९ मध्ये २१३ फूट आणि १९२० मध्ये २१४ फूट उडी मारली. जगात तेव्हा तेवढी लांब कुणी मारलेली नव्हती. कल्पना करा, नऊ हजार फुटांवरचं एवढंसं गाव, घोड्यांच्या गाड्या, कमरेइतका बर्फ, आणि तिथे एक जागतिक विक्रम होतोय आणि तो बघायला आसपासच्या खाणीतली माणसं उभी.

ते डिलन आता नाही. म्हणजे गाव आहे, पण वर सरकवलेलं. डेन्व्हरला पाणी हवं होतं म्हणून धरण झालं, १९६३ मध्ये पूर्ण झालं, आणि त्याआधी अख्खं गाव उठवलं, काही घरं उचलून नेली, स्मशानातले मृतदेहसुद्धा हलवले. जुनी जागा पाण्याखाली. त्या पाण्याला डोंगराच्या पोटातून सदतीस किलोमीटरचा बोगदा पाडलाय आणि ते आमच्या नळांना येतं. हे सांगितल्यावर आईने तलावाकडे बघायची पद्धतच बदलली. आम्ही पाटणच्या बाजूचे, कोयनेच्या पाण्याखाली काय काय गेलं ते आमच्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही, आईच्या आत्याचं गाव त्यातच गेलं, आणि आत्या मरेपर्यंत पत्ता सांगताना जुन्याच गावाचं नाव सांगायची. आई म्हणाली, "मग ह्यांना कुठे वसवलं?" मी वर बोट दाखवलं, दुकानं आणि अपार्टमेंट होती तिकडे. "जवळच दिली की जागा," ती म्हणाली, आणि ते ज्या आवाजात म्हणाली त्यात आत्या होती.

असो, शामोनी.

१९२४ च्या हिवाळ्यात आंडर्स हाउगेन अमेरिकन संघाचा कप्तान होऊन गेला, वय ३५, उडी मारणाऱ्याच्या हिशोबाने बऱ्यापैकी उतरतं. तेव्हा त्या स्पर्धेला ऑलिंपिक म्हणतच नव्हते, हिवाळी क्रीडा सप्ताह म्हणायचे, ऑलिंपिक हे नाव मागाहून दिलं. ४ फेब्रुवारीला उड्या झाल्या, नऊ देशांचे सत्तावीस जण. प्रत्येकाच्या दोन उड्या धरायच्या. हाउगेनच्या ४९ आणि ५० मीटर, आणि ती ५० त्या दिवशीची सगळ्यात लांब. पहिला आला नॉर्वेचा टुलिन थाम्स, त्याच्या ४९ आणि ४९. दुसरा नॉर्वेचाच नार्वे बोन्ना. आणि तिसऱ्या ठरलेल्या हाउगच्या होत्या ४४ आणि साडेचव्वेचाळीस. म्हणजे दोन्ही वेळा हाउगेन त्याच्या पाच-साडेपाच मीटर पुढे उतरला, तरी मागे पडला, कारण ह्या खेळात लांबीइतकेच शैलीला गुण असतात, हवेत शरीर कसं ठेवलं, उतरताना तोल कसा होता, ते परीक्षक बघतात, आणि शैलीत त्याचे गुण कापले गेले.

मला ह्यात एक गोष्ट टोचते, आणि हे माझं मत आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. हाउगेन शिकला टेलेमार्कमध्ये, पण त्याच्या आयुष्यातली पंधरा वर्षं अमेरिकेतल्या सांगाड्यांवर आणि कोलोरॅडोच्या उतारांवर गेली होती, जिथे बर्फात तासन्‌तास उभे राहणारे लोक बघायला यायचे ते कोण किती लांब जातो हे. विक्रम फुटांत मोजतात. नव्या देशात ज्याची वाहवा होते तेच माणूस हळूहळू करायला लागतो, नकळत, बोलण्याची ढब बदलते, हातवारे बदलतात, आणि मग जुन्या घरी गेलं की तिथली माणसं चटकन ओळखतात की हे आपलं राहिलेलं नाही. मी सुट्टीत घरी गेले की भाजीवाल्या मावशी पहिल्या वाक्याला विचारतात, "बाहेर असता का ताई?" मी तर कराडच्याच मराठीत बोलत असते. तेव्हा शामोनीच्या त्या उतारावर नॉर्वेचे तिघं एका ढबीत उतरले असतील आणि हा त्यांचाच भाऊबंद वेगळ्या ढबीत, असं मला दिसतं. गुण कापणाऱ्यांना दोष द्यायचा नाही, त्यांना जे दिसलं ते त्यांनी मांडलं असेल. पण ते कापूनसुद्धा तो तिसराच होता! हाउगला १८.००० दिले होते, ते बरोबर मोजले तर १७.८२१ होत होते, आणि हाउगेनचे होते १७.९१६. एका गुणाच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही. लांबीचे गुण, परीक्षकांचे गुण, बेरीज, भागाकार, सगळं कागद-पेन्सिलीने, आणि कुठेतरी हात चुकला.

आणि वरून खाली, खालून वर कुणी केलं नाही.

नॉर्वेला त्या दिवशी पहिला, दुसरा, तिसरा असं सगळंच मिळालं. हाउग तर त्या शामोनीचा राजा होता, स्कीच्या १८ किलोमीटर आणि ५० किलोमीटरच्या शर्यती आणि नॉर्डिक कंबाइंड, म्हणजे शर्यत आणि उडी दोन्ही मिळून, अशी तीन सुवर्णं त्याची, वर हे कांस्य, म्हणजे स्कीच्या चार स्पर्धांत चार पदकं. नॉर्वेतल्या लिअरच्या बाजूचा साधा माणूस, घरी परतला तो दैवत होऊन. आणि दहा वर्षांनी, १९३४ च्या डिसेंबरमध्ये, न्यूमोनियाने गेला. चाळीस वर्षांचा. पेनिसिलिन अजून औषधाच्या बाटलीत आलं नव्हतं, पन्नास किलोमीटर बर्फातून जाणारी छाती आठवड्याभरात हरते असा तो काळ. तिकडच्या द्रामेन शहरात त्याचा पुतळा उभा केला. धाकटी मुलगी तेव्हा लहानच असणार. वडिलांची खरी आठवण किती आणि लोकांनी सांगितलेली किती हे अशा मुलांना मोठं झाल्यावर वेगळं काढता येत नाही, आमच्या वाड्यातल्या एका काकूंचं तसं होतं, वडिलांबद्दल काहीही सांगायच्या आधी त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघायच्या. तर ह्या मुलीकडे फोटो, पुतळा आणि पदकं.

आता गंमत बघा, म्हणजे मला ज्याने थक्क केलं ते. ही चूक अमेरिकेने नाही काढली. काढली नॉर्वेच्या माणसांनी. थोराल्फ स्ट्रोमस्टाड हा हाउगचाच जोडीदार, त्याच शामोनीत दोन रौप्यपदकं मिळवलेला, दोन्ही वेळा हाउगच्या पाठोपाठ दुसरा. १९७४ मध्ये त्या स्पर्धेला पन्नास वर्षं झाली तेव्हा ह्या म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की हे आकडे जुळत नाहीत. मग याकोब व्हागे ह्या नॉर्वेच्याच स्कीच्या इतिहासकाराने पडताळणी केली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ते मान्य केलं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? हाउग मेलेला. हाउगेन जगाच्या दुसऱ्या टोकाला, पंच्याऐंशीचा, आणखी थोडी वर्षं थांबलं की प्रश्नच मिटला असता. स्वतःच्या देशाचं एक-दोन-तीन मोडायचं, स्वतःच्या मेलेल्या मित्राच्या नावापुढचं एक पदक पुसायचं, आणि ज्याने पन्नास वर्षं कसली तक्रार घेऊन दार ठोठावलेलं नाही अशा परदेशी झालेल्या म्हाताऱ्याला बोलावून द्यायचं, ह्याला काय लागत असेल. मला आईचा तो पेपर खाली ठेवून बोलण्याचा आवाज ऐकू येतो. ते पोर दिसत नाही म्हणून तू असं म्हणतेस.

सप्टेंबर १९७४. हाउगेन कॅलिफोर्नियातून विमानाने गेला. बोटीने जो देश सोडला तिथे पासष्ट वर्षांनी पदक घ्यायला. समोर हाउगची मुलगी.

तिच्याबद्दल मी खूप विचार केला. तिला नाही म्हणता आलं असतं. वडिलांनी काही चोरलं नव्हतं, फसवलं नव्हतं, त्यांच्या हातात कुणीतरी पदक दिलं आणि त्यांनी घेतलं. तीन सुवर्णं तशीच होती, कमी काहीच होत नव्हतं, असं म्हणणारे म्हणतील. पण कमी होतंच ना. घरात वडिलांची म्हणून जी वस्तू आहे ती तिच्या किमतीमुळे थोडीच प्रिय असते. आमच्याकडे बाबांचा चष्मा आहे, एक काडी मोडलेला, तो उद्या कुणी पुराव्यासकट सिद्ध केलं की शेजारच्या काकांचा आहे, तर मी देईन का? देईन बहुतेक. पण हात थरथरेल. आईचं मत असं की नवीन पदक घडवून द्यायला हवं होतं, मुलीकडून काढून घ्यायचं काय कारण, बेरीज चुकवणाऱ्यांनी भुर्दंड भरावा. तिचं म्हणणं रास्त आहे आणि मला ते खोडता येत नाही. तरी मला वाटतं की नवीन पदक पोस्टाने आलं असतं तर हाउगेनला मिळाला असता तो एक धातूचा तुकडा. तिने स्वतः दिल्यामुळे त्यात हाउगचं "घे, तुझंच आहे" हे आलं, जे म्हणायला हाउग जिवंत नव्हता आणि जे त्याच्या वतीने म्हणायचा हक्क जगात फक्त त्या घरातल्या माणसांना होता. राग आला असेल का तिला? रात्री घरी गेल्यावर रडली असेल का? असेलही. मला ती बिचारी वाटत नाही आता. तिला कुणी ओढून आणलेलं नव्हतं, आणि तिने जे दिलं ते देणं सोपं नव्हतं हे त्या म्हाताऱ्याला नक्की कळलं असणार, कारण एखादी गोष्ट हातातून जाते म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझं ठीक आहे, पण तरीही बिचारीच." ह्यावर आमचं एकमत होणार नाही.

त्यानंतर हाउगेन आणखी दहा वर्षं जगला, १९८४ मध्ये ९५ व्या वर्षी गेला. पुढची कित्येक दशकं अमेरिकेकडे स्की जंपिंगमधलं ऑलिंपिक पदक म्हणून ते एकच होतं, नॉर्वेच्या मुलीने नॉर्वेच्या मुलाला दिलेलं.

आणि हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात आलं की ह्या गोष्टीत मी लार्सचं नाव एकदा-दोनदाच घेतलंय. एका घरातून दोघं निघाले, दोघं बोटीवर चढले, विस्कॉन्सिनमध्ये दोघांनी मिळून उतार शोधले, कोलोरॅडोत बरोबर आले. दोघा भावांनी मिळून अमेरिकेची राष्ट्रीय विजेतेपदं अकरा जिंकली, त्यातली आंडर्सची चार आणि लार्सची सात. सात! जिंकण्याच्या हिशोबात थोरला लार्सच म्हणायचा. पण त्याच्या वाट्याला चुकलेली बेरीज आली नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनी कुणी त्याला शोधत आलं नाही, आणि तलावावर पाहुण्यांना सांगायला त्याची गोष्ट नाही. पुढच्या उन्हाळ्यात ताई येणार आहे पोरांना घेऊन. तिला मी लार्सपासून सांगायला सुरुवात करणार आहे, सात विजेतेपदांपासून, आणि मग त्याला एक भाऊ होता आंडर्स नावाचा, तोही चांगला उडी मारायचा, असं पुढे.